समोरची खुर्ची

आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये शनिवारी दुपारी क्रोशाचा वर्ग भरतो. वर्ग कसला, पाच-सहा बायका, एक निवृत्त मास्तर आणि चहाचा थर्मास! शिकवणाऱ्या कुसुमताईंच्या शेजारी बसून बायका भराभर साखळ्या विणत होत्या. माझा मात्र नुसता गुंता. मी डावखुरी. 'अगं, उजवा हात!' हे ऐकतच वाढलेली, म्हणून सुईसुद्धा मुकाट्यानं उजव्या हातात धरलेली.

ताईंनी ते बरोबर हेरलं. "डावरी आहेस ना? मग शेजारी कशाला बसलीस? समोर ये, आणि आरशात बघतेस तशी माझ्याकडे बघ."

मी सुई डाव्या हातात घेतली, समोर बसले, आणि साखळी सरसर उतरू लागली. हातात खोट नव्हतीच, खुर्ची तेवढी चुकली होती. 'आपल्याला नाही जमत' म्हणून सोडून दिलेलं काय काय आठवलं मग! पोहणं, पेटी, पुरणपोळीसुद्धा.

मी हे बोलून दाखवताच मास्तर उठले. "म्हणजे माझीही खुर्चीच चुकतेय!" गुंता सांभाळत त्यांनी खुर्ची हॉलभर फिरवली आणि शेवटी थर्मासजवळ टेकवली.

गुंता काही सुटला नाही. पण तिथून उठायचं नावही त्यांनी घेतलं नाही.