आमी सोमाजी

धर्मराजला मी तीन महिने मराठी शिकवलं आणि त्याची भाषा बिघडवून ठेवली. बत्तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलेल्या बाईनं हे कबूल करणं सोपं नाही, पण झालं ते झालं.

मी अबीगेल. पनवेलच्या इस्रायल आळीत राहते. २००८ साली निवृत्त झाले आणि त्याच वर्षी माझा धाकटा भाऊ सॅमसन बायकामुलांना घेऊन इस्रायलला गेला. आळीत आमची बेने इस्रायली ज्यू माणसं तशीही बोटांवर मोजण्याइतकी, त्यात घर रिकामं. तपासायला वह्या नाहीत, ओरडायला पोरं नाहीत. मग मी दुकानांच्या पाट्या सुधारायला लागले. ‘शुद्द तूप’वाल्या वाण्याला मी सांगितलं, आधी शब्द शुद्ध कर, तुपाचं नंतर बघू. तेव्हापासून तो मला बघितलं की आतल्या खोलीत जातो.

धर्मराज आमच्या मालूचा नवरा. मालू बाजारात मासे विकते. आम्हाला खवल्यांचीच मासळी चालते हे तिला वीस वर्षं ठाऊक आहे. कोळंबी, चिंबोरी माझ्यासमोर ती झाकून ठेवते आणि जिताडा आला असेल तर माझ्यासाठी बाजूला काढते. धर्मराज सकाळी खाडीत जाळं टाकायचा आणि मग बंदरात कंटेनर बांधायच्या कामाला जायचा. पंचेचाळिशीचा दांडगा गडी, पण आवाज असा हळू की समोरच्यानं पुढं झुकून ऐकावं.

वर्षातून एकदाच हा माणूस गरजायचा. होळीच्या दुसऱ्या दिवशी कोळीवाड्यात नाटक असतं, आणि सोळा वर्षं नाटक एकच: ‘रक्तरंजित राजमुकुट उर्फ दोर कोणी कापला?’ लिहिलं होतं तिथल्याच एका गुरुजींनी. ते आता नाहीत, म्हणून नाटकाच्या नावाबद्दल काही बोलत नाही.

गोष्ट साधी. थोरले महाराज होडीतून निघालेत. त्यांचा धाकटा भाऊ रुद्रराव शूर, देखणा, भावावर जीव टाकणारा. पण मुकुटाचा मोह पडतो आणि ऐन वादळात तो होडीचा दोर कापतो. महाराज बुडतात. त्यांचा नावाडी सोमाजी मागोमाग पाण्यात उडी मारतो, वाचतो आणि तीन अंकांनंतर रुद्ररावाला मारतो. रुद्ररावाला पश्चात्ताप आहे, लांबलचक स्वगतं आहेत, टाळ्या आहेत. सोमाजीला सगळी मिळून एकोणीस वाक्यं. रुद्रराव करायचा दिनानाथ, नाटक मंडळाचा अध्यक्ष. सोमाजी धर्मराज.

२००९च्या दिवाळीनंतर हे दोघं माझ्या दारात. दिनानाथ म्हणाला, “बाई, जानेवारीत जिल्ह्याची स्पर्धा आहे. नाटक चांगलंय, पण भाषेचे मार्क जातील. जरा सुधरवा आम्हाला.”

मी म्हटलं, “आधी ‘सुधारा’ म्हण.”

मला काय, आंधळा मागतो एक डोळा अशी गत. दुसऱ्या दिवसापासून तालीम माझ्याच अंगणात. धर्मराज सगळ्यात आधी यायचा, मुलीची जुनी वही घेऊन. शुक्रवारी कोणी तालीम लावली तर तोच सांगायचा, “आज नको, बाईंचा शब्बाथचा दिवा असतो.” ‘हाय’चं ‘आहे’ झालं, ‘नाय’चं ‘नाही’ झालं. एका जागी मात्र गाडी अडली ती अडलीच.

शेवटच्या प्रवेशात एकटा पडलेला रुद्रराव अंधारात विचारतो, “कोण आहे?” गुरुजींच्या वहीत उत्तर आहे, “मी सोमाजी. मीच तुझा काळ.” धर्मराज म्हणायचा, “आमी सोमाजी. आमीच तुजा काल.”

मी म्हटलं, “अरे, तू एकटा आहेस ना? मग ‘मी’ म्हण. ‘आम्ही’ राजा म्हणतो, नावाडी नाही.”

“व्हय बाई,” म्हणायचा, वहीत लिहून घ्यायचा आणि पुन्हा “आमी.” शंभर वेळा तरी झालं असेल. शेवटी मी वैतागून म्हटलं, “दगडाला सांगितलं असतं तर एव्हाना बोलला असता.” तो खाली मान घालून बसला. म्हणाला, “मना नाय जमत, बाई.”

दिनानाथनं संधी साधली. त्याचा पुतण्या कल्पेश बँकेत होता, बोलणं अगदी घासून पुसून लख्ख. सोमाजी त्याला द्यायचं ठरवलं आणि माझ्याकडे बघितलं. मी मान डोलावली. सोळा वर्षांची भूमिका एका मानेच्या हालचालीत गेली.

दुसऱ्या दिवशी धर्मराजनं आपली लाकडी तलवार आणली. तिची मूठ त्यानं तासून बारीक केली होती, कल्पेशचा हात लहान म्हणून. “पोराच्या हातात बसली पायजे,” एवढंच म्हणाला आणि पडदा ओढायचं काम मागून घेतलं. मला तेव्हाच लाज वाटायला हवी होती. नाही वाटली.

स्पर्धेत कल्पेशनं एकही अक्षर चुकवलं नाही. मी पहिल्या रांगेत ताठ बसले होते. निकाल लागला, आम्ही कुठंच नाही. परीक्षक म्हणाले, “भाषा उत्तम. पण राजा आणि त्याचा सूड घेणारा एकाच माळेचे मणी वाटतात. दोघंही स्वतःसाठीच लढताहेत.” मला इतका राग आला की मी चहा न घेता घरी आले.

सोमवारी बाजारात मालूपाशी तो राग काढला. तुझ्या नवऱ्याला साधं ‘मी’ म्हणता आलं असतं तर हे सगळं झालंच नसतं, असंही बोलले. मालू बोय मासा साफ करत होती. हात न थांबवता म्हणाली, “पान्यात होरीवर मी कोन बोलतंय, बाई? हा नि याचा भाव, दोगं जायचे. आमी जाल टाकला, आमी मावरा आनला. तुलशीराम भावजी बुडले त्या दिवशी याला ताप होता, घरी झोपला व्हता. भावजी एकटं गेलं. त्याचा सूड कोनावर घेनार, पान्यावर? म्हनून वरसातून एकदा तो दिनानाथला मारतो. दोगं मिलून मारतात.”

तिनं मासळी पिशवीत घातली. मला सुटे पैसे घ्यायचंसुद्धा भान राहिलं नाही.

घरी येऊन गुरुजींची वही काढली आणि लाल पेन घेतलं. बत्तीस वर्षं मुलांना पात्रांची तुलना लिहायला लावली, स्वतः कधी धड केली नाही. रुद्रराव पहिल्या अंकात ‘मी’ म्हणतो. मुकुट चढला की ‘आम्ही’. आमची आज्ञा, आमचा निश्चय, मोजून एकेचाळीस वेळा. आणि दर प्रवेशात त्याच्याजवळचं एकेक माणूस कमी होतं. बायको जाते, प्रधान जातो, शेवटी तो आणि त्याचं ‘आम्ही’. समोर सोमाजी. तोही त्याच महाराजांचा, त्याच होडीतला. एकानं दोर कापला, दुसऱ्यानं उडी मारली. राजाच्या ‘आम्ही’त एकटा राजा आहे. धर्मराजच्या ‘आमी’त तुळशीराम आहे, होडी आहे, अख्खा कोळीवाडा आहे. सगळं नाटक त्या गाळलेल्या ‘ह’मध्ये होतं आणि मी ते खोडून काढलं. गुरुजींनासुद्धा जे लिहायला सुचलं नाही ते हा माणूस सोळा वर्षं बोलत होता.

मी तडक दिनानाथकडे गेले आणि सांगितलं की होळीला सोमाजी धर्मराजच करेल. तो कुरकुरला, पण कल्पेशच म्हणाला, “काका, सुटलो मी. वाड्यातली पोरं मला मीमी म्हणून चिडवतात.”

धर्मराजला मात्र मी काहीच बोलले नाही. चुकलं म्हणायची शिक्षकांना सवय नसते. वाटलं, कळेल त्याला.

होळीच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कोळीवाड्यात गेले. मला पुढं खुर्ची दिली. नाटक रंगलं. दिनानाथ, खोटं का बोला, झकास करतो. शेवटचा प्रवेश आला. मुकुट वाकडा झालेला, दिनानाथनं विचारलं, “कोण आहे?”

धर्मराज पुढं आला. त्याची नजर माझ्यावर गेली. वर्गात पाठांतर म्हणायला उभा राहिलेला पोरगा असाच बघतो.

“मी सोमाजी,” तो म्हणाला. स्वच्छ, शुद्ध. चार महिने घोकून घोकून माझ्यासाठी बसवलेलं.

मांडवात माणसं एकमेकांकडे बघायला लागली. त्याचा चेहरा पडला. आता पुढचं वाक्य म्हणेल, मग तलवार चालेल आणि संपेल.

मी कधी उभी राहिले मला कळलं नाही. आवाज मात्र वर्गातलाच निघाला. “धर्मराज, चूक. माझं चुकलं. ‘आमी’ म्हण.”

हसायला लागले सगळे. मेलेला प्रधान उठून बसला. दिनानाथ मुकुट सावरत माझ्याकडे बघतच राहिला. धर्मराज तेवढा हसला नाही. त्यानं बाहीनं तोंड पुसलं, पुन्हा मागं गेला आणि पुन्हा पुढं आला.

दिनानाथनं पुन्हा विचारलं, “कोण आहे?”

“आमी सोमाजी. आमीच तुजा काल.”

मी रडले. पहिल्या रांगेत, सगळ्यांसमोर.

दुसऱ्या दिवशी बाजारात गेले तर मालूनं जिताडा बाजूला काढून ठेवलेला. “किती झाले?” विचारलं तर ऐकूच आलं नाही असं दाखवलं. बाजूच्या कोळणीनं विचारलं, ही बाई कोण गं, काल मधेच उठून बोलली ती? मालूनं मासा पिशवीत सरकवला आणि तिला म्हणाली, “आमचीच हाय.”