घरचीच शीर

ऑपरेशन चालू असताना अण्णा मराठी बोलू लागले की आता तासभर उशीर, हे तंजावूरच्या आमच्या रुग्णालयातल्या नर्सना न सांगता कळायचं. सूचना तमिळमध्ये, माझ्याशी भांडण मराठीत. सर्जन मंडळींत मराठी आम्ही दोघंच, तेही राजवाड्यामागच्या एकाच गल्लीतले. त्यामुळे बोलणी खायचा मान माझा.

भांडण एकच. पायाची धमनी बुजली की रक्ताला वळसा घालून नवी वाट करून द्यावी लागते. त्यासाठी कृत्रिम नळी पाकिटात तयार असते. अण्णा मात्र रोग्याच्याच पायातली शीर अलगद सोडवत बसायचे, तिची एकेक बारीक फांदी बांधत. मी घड्याळाकडे पाहिलं की म्हणायचे, "मोठ्या वाटेला बाहेरचं चालतं ग. गुडघ्याखालच्या बारक्या वाटेला घरचंच पाहिजे. नळीत रक्त गोठतं." जनावराच्या रक्तवाहिनीपासून केलेली नळी घेऊन एक विक्रेता आला, त्यालाही कॉफी पाजून त्यांनी परत पाठवलं. पायाला सलाइन लावायला निघालेल्या नर्सची तर धडगत नसे. साऱ्या गावाच्या शिरा जणू यांनीच सांभाळायच्या.

मग मधुमेहानं त्यांच्याच डाव्या पायाचा अंगठा काळवंडू लागला. मी तपासायला बसले, तर घ्यायला शीरच नाही. तेव्हा कबूल झाले. तरुणपणी उभं राहून राहून शिरा फुगल्या, दुखू लागल्या, म्हणून दोन्ही पायांतल्या काढून टाकल्या होत्या. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. मी कपाळाला हात लावला.

"हातातली घेते," मी म्हटलं.

"हाताला नको. टाके घेऊन ऑपरेशन कसं करूं? नळीच घाल, सरी? बरं ना?"

इतकी वर्षं माझा जीव खाऊन आता नळी हवी. ती बुजली तर पाय जाईल, हे त्यांना माझ्याहून जास्त ठाऊक होतं. मी त्यांचंच वाक्य त्यांना ऐकवलं, "बारक्या वाटेला घरचंच पाहिजे, अण्णा." त्यांनी दोन्ही हात उलटसुलट करून पाहिले. मग डावा हात पुढे केला.

त्या हातातले दोन तुकडे जोडून मी शीर पुरवली. शुद्धीवर आल्यावर म्हणाले, "टाके अंमळ जवळ पडलेत."

पाय वाचला, आणि माझ्यामागे नवा ताप लागला. रोज सकाळी राउंडच्या ऐन घाईत चप्पल काढून पाऊल पुढे करायचे. "बघ ग, वाहते काय तुझी वाट?" मी चडफडत वाकून घोट्याशी बोट ठेवायचे. ठोका लागायचा.

गेल्या वर्षी त्यांच्या हृदयानं दगा दिला. मनगटाची नाडी हाताला लागेना, तेव्हा सवयीनं मी घोट्याशी बोट ठेवलं. तिथे लागली, अगदी बारीक. "वाहते आहे, अण्णा," मी म्हटलं. थोड्या वेळानं तीही थांबली. मला त्यांचा फार राग आला. बोट मात्र काढवेना.

आता आमच्या थिएटरमध्ये कोणी मराठी बोलत नाही. शीर सोडवताना तासभर उशीर तेवढा होतोच.