उजव्या पंखाकडे कोण होतं?

काल दुपारी अंगणात आमसुलं वाळत घालत होते, तर नातीने मोबाईल पुढे धरला. कुठल्याशा विमानतळावर दोन विमानं एकमेकांना घासली... तीही जमिनीवर, चालता चालता. तिला गंमत वाटली. मला नाही.

ऐंशी सालानंतरची गोष्ट. आमचे हे मुंबईला विमानतळावर हेल्पर होते. विमान जागेवरून निघालं की पंखाच्या टोकाशी चालायचं, कुठे आपटत नाही ना बघायचं आणि हात दाखवायचा. एवढंच काम... पण लांज्याजवळचं आमचं घर त्यावर चालायचं.

एक दिवस हे अवेळी एसटीतून उतरले. चालत्या विमानाचा उजवा पंख उभ्या विमानाला लागला होता. माणसं सुखरूप होती, पण साहेबाने कागद पुढे केला होता... 'माझ्या चुकीने झालं' असा. सोमवारी सही, म्हणजे नोकरी गेली. आणि हे सही करायला तयार. साहेबाशी वाद कोण घालणार म्हणे.

मी विचारलं, तुम्ही कुठे होतात? म्हणाले, डावीकडे. आणि उजवीकडे? तिथला माणूस दुसऱ्या विमानाकडे पाठवला होता... म्हणजे कोणीच नव्हतं.

आमच्याकडे पेंढ्याची गाडी दोन दगडी गडग्यांमधून काढायची तर दोन्ही अंगांना एकेक बाई चालते. पेंढा घासला तर गाडीवान दोघींना शिव्या घालत नाही, त्या बाजूच्या बाईलाच घालतो.

मी लुगडं बदललं आणि यांच्याबरोबर मुंबईची एसटी धरली. शिकलेली मी दुसरीपर्यंत. ऑफिसचा शिपाई आत सोडेना, म्हणून दारातच बसले... साहेब जेवायला तरी बाहेर येईल ना. आला. यांच्या खिशातला तो कागद मी त्याच्यापुढे धरला.

"साहेब, उजव्या पंखाकडे कोण होतं त्याचं नाव या कागदावर लिहा. मग हे सही करतील."

तो म्हणाला, बाई, तुम्हाला यातलं काय कळतं?

"काही नाही. म्हणून तर विचारते."

त्याने यांच्याकडे बघितलं. हे चपलांकडे बघत होते, पण तोंड उघडलं एकदाचं. "कोणी नव्हतं, साहेब. माणूस कमी आहे हे मी मुकादमाला विमान हलायच्या आधीच सांगितलं होतं."

ही गोष्ट यांनी मलाही सांगितली नव्हती! एवढं एक वाक्य बोलायला लांज्याहून बायको आणावी लागली.

साहेबाने कागद घडी करून खिशात घातला. तो कागद पुन्हा कधी बाहेर आला नाही.

हे रिटायर होईपर्यंत त्याच कामावर राहिले. त्या दिवसानंतर उजवीकडेही रोज माणूस असायचा. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही... होता, एवढं मला पुरे.