सुमनबाईंच्या वर्गाचं दार

रविवारी दुपारी गेवराईहून सुमनबाईंच्या भाच्याचा फोन आला. "मावशी गेली मॅडम... सकाळी चहा घेता घेता." आदल्या दिवशी शाळा सुटताना तर तावातावानं बोलत होत्या! असं कुठं जातं का माणूस? महिना होत आला, माझा राग काही उतरत नाही.

चौसाळ्याजवळच्या आमच्या शाळेत बाई पहिलीला, मी शेजारी दुसरीला. जूनमध्ये नवी पोरं रडून दमली की त्या एकेकाला विचारायच्या, "तुमच्या घरी पाव्हणा आला की काय म्हणतेत रे?" कुणी राम राम सांगे, कुणी सलाम, कुणी जय भीम. बाईंचा नियम असा, की आपल्या घरचं नाही, समोरच्याच्या घरचं म्हणायचं. विठ्ठलनं शबानाला सलाम करायचा, शबानानं त्याला राम राम. ऊसतोड्यांची गोदा मात्र पाटीआड तोंड लपवी. शेवटी पुटपुटली, "आमच्याकडं कोन येतंय बाई? आमी फडावर असताव." बाईंनी तिला पुढं आणून उभं केलं. मग वर्गाला म्हणाल्या, "हिला रोज विचारायचं, गोदा, हाईस का?" आणि गोदा पत्रे हादरतील अशी ओरडायची, "हाय!" दार सताड उघडं, आवाज पार रस्त्यापर्यंत. मी वैतागायची, "अहो, माझ्या पोरांना पाढे ऐकू येईनात!" तर म्हणायच्या, "पाढे कुठं पळून चाललेत?"

यंदा पावसाळ्यात कुठल्याशा मिरवणुकीवरून गावाची हवा बिघडली. एका ओट्यावर चहा पिणारी माणसं तोंड फिरवून जायला लागली. एक दिवस विठ्ठलचे वडील वर्गाच्या दारात. "आमच्या पोरानं कावून सलाम करायचा? घरी बी तेच करायलंय." बाई म्हणाल्या, "करायलंय ना? म्हणजे शिकलंय की! पाढे म्हणून दाखवले असते तर आला असता का भांडायला?" ते पाय आपटत गेले. पण दोन दिवसांनी शबानाचे वडील आले, पंक्चरचं दुकान सोडून, अगदी हलक्या आवाजात... "राहू द्या बाई. बाहेर पोरीचं नाव निघायलंय." त्या दिवशी बाईंनी डबा उघडला नाही. "भांडणाऱ्याला उत्तर देता येतं गं," म्हणाल्या, "भ्यालेल्या माणसाला काय देऊ?"

शनिवारी हेडसरांनी निरोप दिला, सोमवारपासून सगळ्यांनी नुसतं नमस्ते म्हणायचं. बाई उसळल्या, "सोमवारी पोरांनाच विचारते!" तो सोमवार त्यांना मिळाला नाही.

पहिलीही आता माझ्याकडंच आहे. त्या सोमवारी 'बाई गेल्या' एवढंच कसंबसं सांगितलं. पोरं रडली. मग विठ्ठल नाक पुसत उठला, शबानासमोर उभा राहिला. "सलाम, शबाना." मी दाराबाहेर पाहिलं. समोर पारावर माणसं बसलेली, हेडसर व्हरांड्यात. पोराला 'नको' म्हणायला जीभ रेटेना. मी जाऊन दार लावून घेतलं.

"बाई दार लावीत नव्हत्या," गोदा म्हणाली.

"वारा येतोय गं."

वारा नव्हता. पोरीला ते कळलं, तिच्या तोंडावरच दिसलं.

तेव्हापासून रोज असंच चाललंय. हेडसरांना ठाऊक नसेल असं नाही, पण आम्ही दोघंही विषय काढत नाही. आता मला सांगावंही लागत नाही. घंटा झाली की गोदा उठते, टाचा उंचावून कडी लावते. जागेवर येऊन बसते. पोरं हळूच विचारतात, "गोदा, हाईस का?" ती आधी दाराकडं बघते, मग अगदी कुजबुजत म्हणते, "हाय."