मॅडम, तुमचं गाव कोणतं?

मानसतज्ज्ञाकडे पहिल्यांदा गेलो तेव्हा मी सगळे कागद सोबत घेतले होते. साखरेचा रिपोर्ट, छातीच्या ईसीजीची पट्टी, दोन वर्षांपूर्वीचा गुडघ्याचा एक्स-रे. गुडघ्याचा कशाला नेला ते आजही सांगता येणार नाही. पांढरकवड्याला तीस वर्षं गणित शिकवलं, त्यामुळे कागद पुरे असले की अर्धं काम झालं अशी माझी समजूत आहे.

धाकटा भाऊ जाऊन सात महिने झाले होते आणि मला फोनची रिंग सहन होत नव्हती. कोणाचाही फोन वाजला की हात थरथरायचे. एकदा वर्गात खडू सुटला, दुसऱ्यांदा कंपासपेटी. शेवटी मी माझा फोन बंद करून कपाटात स्वेटरांच्या खाली ठेवून दिला. शाळेचे निरोप बायकोच्या फोनवर यायला लागले. मग नागपूरच्या मुलीने यवतमाळच्या एका खाजगी मानसतज्ज्ञ बाईंची वेळ घेतली आणि मला कळवलं. विचारलं नाही, कळवलं. मी चिडलो, पण गेलो.

हात का थरथरतात ते मला माहीत होतं. तेवढं सोडून बाकी सगळं मी सगळ्यांना सांगत होतो. भाऊ उमरखेडला राहायचा, त्याच्या सासुरवाडीच्या गावी. त्याच्या मुलीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, ठरवताना मला विचारलं नाही म्हणून मी चार वर्षं त्याच्याशी बोललो नाही. एवढीच गोष्ट. मग एक दिवस नांदेडच्या दवाखान्यातून त्याचा फोन आला. "दादा, येतं का तू?" मी म्हणालो, "पाह्यतो." चौथ्या दिवशी तो गेला. शाळेला तेव्हा सुट्ट्या होत्या. मला जाता आलं असतं. हे कोणाला तरी सांगितल्याशिवाय हात थांबणार नाहीत हे मला कळत होतं आणि सांगायला माणूस सापडत नव्हता. जे ऐकतील ते सगळे त्याचेही होते.

बाईंची खोली एका चष्म्याच्या दुकानावर होती. दोन खुर्च्या, एक घड्याळ, टेबलावर कागदी रुमालांचा डबा. वयाने माझ्या मुलीएवढ्याच. त्यांनी माझी फाईल उघडलीसुद्धा नाही, याचा मला जरा अपमान वाटला. गोळ्या कोणत्या देणार असं विचारलं, तर म्हणाल्या की गोळ्या त्या देत नाहीत. लागल्याच तर मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे पाठवतील. दर वेळी पन्नास मिनिटं, म्हणजे आमच्या तासिकेहून थोडी जास्त. किती दिवस लागतील हे आत्ताच सांगता येणार नाही. इथलं बोलणं इथेच राहील, कोणाच्या जिवाला धोका असेल तेवढं सोडून. आणि आपली बाहेरून कुठे ओळख निघत असेल तर ते आधी सांगायचं. मी मान डोलावली. माझ्या वर्गात मागच्या बाकावरची मुलं डोलावतात तशीच.

पहिल्या दोन खेपांना मी शाळेबद्दल बोललो. नव्या पोरांना पाढे येत नाहीत यावर माझी पंधरा मिनिटं सहज जातात. बाई ऐकत राहायच्या. पण त्यांच्या ऐकण्यात काहीतरी होतं, कारण तिसऱ्या वेळी मी यष्टीत बसल्या बसल्या वाक्य तयार करून नेलं. भावाने बोलावलं आणि मी गेलो नाही. सहा शब्द होते. मी बोटांवर मोजले होते.

खुर्चीत बसलो, तोंड उघडलं आणि बाहेर पडलं, "मॅडम, तुमचं गाव कोणतं?"

आमच्याकडे हे असंच आहे. दोन अनोळखी माणसं यष्टीत शेजारी बसली की पुढचा थांबा यायच्या आत सोयरीक निघते. गाव विचारायचं, मग आडनाव, मग आजोळ. काही निघालं नाही तर जेवण अर्धवट राहिल्यासारखं वाटतं. एखाद्याशी मनातलं बोलायचं तर आधी तो कोणाचा कोण हे कळायला नको? बाई हसून म्हणाल्या की आज तुम्हाला वेगळं काही बोलायचं होतं ना. पण मी जुना मास्तर. उत्तर आल्याशिवाय सोडत नाही. शेवटी त्या बोलून गेल्या की आजोळ उमरखेडचं.

मग काय. माझं डोकं भराभर चाललं. कोणती गल्ली, मामा काय करतात, मावशी कुठे दिली. दोन मिनिटांत हिशेब जुळला. त्यांची सख्खी मावशी माझ्या भावजयीच्या माहेरी दिलेली, म्हणजे भावजयीची वहिनी. अवघड गणित सुटल्यासारखा मी खूश झालो. म्हणालो, "म्हणजे तुम्ही घरच्याच निघाल्या."

बाईंनी पेन खाली ठेवलं. त्यांचा चेहरा पाहिला आणि मलाही समजलं. नांदेडच्या दवाखान्यात रात्रंदिवस बसलेली बाई म्हणजे हीच मावशी. मी का आलो नाही हे तिथे सगळ्यात आधी तिनेच विचारलं होतं, असं नंतर माझ्या कानावर आलं होतं.

"सर, मी कोणाला काही सांगणार नाही," त्या म्हणाल्या. "पण आता माझ्याशी बोलताना तुम्हाला ते घर दिसेल. आणि मलाही." त्यांनी दुसऱ्या एका मानसतज्ज्ञाचा नंबर लिहून दिला आणि जिन्यापर्यंत सोडायला आल्या.

मला राग आला, तोही त्यांचाच. घरी येऊन बडबडलो की ओळखीच्या माणसाला अशी वागणूक देतात का. बायको शेंगा सोलत होती. तिने मान वर केली नाही. "तुमाले काहून इचाराचं होतं?" ती म्हणाली. "इलाजाले गेलते का पोरगी पाहाले?"

दोन आठवडे मी कुठेही गेलो नाही. मग एका सकाळी बायकोचा फोन ओट्यावर वाजला आणि माझ्या हातातला चहा सांडला, थोडा तिच्या पायावर. तिने पाय पाण्याखाली धरला, फरशी पुसली. मला स्वतःची फार लाज वाटली. त्याच दिवशी मी तिच्याच फोनवरून तो नंबर लावला.

हे नवे गृहस्थ पन्नाशीचे, बोलण्यावरून कोल्हापूरकडचे असावेत. असावेत म्हणतो, कारण मी विचारलं नाही. गाव जिभेच्या टोकावर आलं होतं, गिळलं. त्यांनी नियम सांगितले, या वेळी मी नीट ऐकले. मग त्यांनी विचारलं, सुरू करण्याआधी तुम्हाला काही विचारायचं आहे का.

"उमरखेडला तुमचं कोणी आहे का?"

"नाही," ते म्हणाले. "कोणीच नाही."

मग मी सांगितलं. सहा शब्दांत मावलं नाही. त्यांनी पाठीवरून हात फिरवला नाही की "होतं असं" म्हणून सोडूनही दिलं नाही. भाऊ काय म्हणाला ते त्याच्या शब्दांत सांगा, एवढंच म्हणाले. मी सांगितलं आणि भाऊ गेल्यावर पहिल्यांदा रडलो. तो रुमालांचा डबा कशाला असतो ते मला तेव्हा समजलं.

घरी पोचलो तेव्हा दिवस मावळला नव्हता. बायको तांदूळ निवडत होती. मी चपलाही काढल्या नाहीत, दारातच उभ्या उभ्या तिला सगळं सांगून टाकलं. फोन, सुट्ट्या, पाह्यतो. तिने ताट बाजूला ठेवलं.

"मले माहीत हाय," ती म्हणाली. "फोन आला तवा मी इथंच उभी होती. तुमी कवा सांगता याची वाट पाहून राह्यली होती."

मग ती उठली, कपाट उघडलं, स्वेटरांखालचा माझा फोन काढला आणि चार्जिंगला लावला.