निळ्या पट्टीची सायकल

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. आज सांगतोय, कारण संताप आवरत नाही – आणि ज्याच्यावर तो आहे, तोच हे लिहितोय.

काल हॉलंडहून मस्कतला एक पुस्तक आलं. एका छोट्या डच सायकल संघाचा इतिहास. प्रायोजक गेला, संघ बंद पडला, तेव्हा त्यांच्या व्यवस्थापकाने इंग्रजीत आठवणी छापल्या. दर हिवाळ्यात हा संघ ओमानच्या शर्यतीला यायचा आणि मस्कतच्या रुवी भागातल्या आमच्या सायकल-दुकानातून दोन मेकॅनिक त्यांच्या दिमतीला जायचे. एक मी. दुसरा सदानंद, कणकवलीचा. पुस्तकात लिहिलंय, सदानंदच्या निष्काळजीपणामुळे त्यांचा सर्वांत चांगला खेळाडू जायबंदी झाला.

खोटं आहे. साफ खोटं!

विमानाने येताना सायकलींची हँडलं सैल करून वळवलेली असतात. खोक्यातून काढली की ती पुन्हा आवळायची. ज्याने आवळली, त्याने सीटखाली आपली चिकटपट्टी लावायची – माझी निळी, त्याची पिवळी. सदानंद एकेक बोल्ट तीनतीनदा बघायचा. मी हसायचो. अरे, सायकल आहे, तिजोरी नव्हे! फार शहाणा ना मी? एका हिवाळ्यात, शर्यतीच्या आदल्या दिवशी, एका सायकलीचे बोल्ट मी नुसते बोटांनी फिरवले आणि चहा आला म्हणून उठलो. परत आलो, निळी पट्टी लावली, मोकळा झालो. चहासाठी हो, एका कप चहासाठी!

दुसऱ्या दिवशी घाटाच्या उतारावर हँडल फिरलं. खेळाडूचा खांदा मोडला, मांडीही. मोडकी सायकल गाडीतून आली ती माझ्याच हातात. घाबरलो – ठीक आहे, माणूस घाबरतो. पण मी काय केलं? सदानंदची पेटी उघडली. पिवळी पट्टी कापली. निळी नखाने खरवडून तिथे ती लावली. याला घाबरणं म्हणतात? नीचपणा म्हणतात.

एवढ्या सायकलींत कुठली कुणी आवळली, सदानंदला आठवेना. त्याने पट्टीवर विश्वास ठेवला. "माझ्या हातसून असां कसां झाला, भाऊ?" एवढंच म्हणाला. अर्बाबने, म्हणजे दुकानमालकाने, 'खलास' म्हणून त्याचा व्हिसा रद्द केला आणि त्याला गावी धाडलं. मी रदबदली करायला गेलो – हो, तेवढीही लाज नव्हती! तेव्हापासून सदानंद मला उपकारकर्ता समजतो. दर उन्हाळ्यात कुणाबरोबर तरी आमसुलं पाठवतो. मी ती खातो.

पुस्तक वाचून काल त्याला फोन लावला. सांगून टाकणार होतो. तोच खुशीत बोलत सुटला – मुलीला सायकल घेतलीय, हँडल जरा सैल आहे.

"मी हात लावणंय नाय, भाऊ. बाजारात नेतंय आवळूक."

मी म्हणालो, "बरं करतोस."