तिरक्या अक्षरातलं आमंत्रण

बिबवेवाडीतल्या माझ्या दोन खोल्यांपैकी एकीत मी लग्नपत्रिकांचं डीटीपी करते, दुसरीत राहते. स्वतः लग्न केलं नाही, पण इतरांच्या लग्नाची खबर शेजाऱ्यांच्या आधी मला लागते.

माझ्याकडे एक फॉन्ट आहे, हातानं घाईघाईत लिहिल्यासारखा. उजवीकडे झुकलेला, शिरोरेघ मध्येच तुटलेली, वेलांट्या ऐसपैस. पत्रिकेच्या तळाशी घरातल्या पोरांच्या नावानं 'आमच्या मावशीच्या लग्नाला यायचं हं' अशी ओळ असते, तिथे तो शोभतो. मुहूर्त आणि कार्यालयाचा पत्ता मात्र त्यात घालू नये, पाहुणे भलत्याच लग्नात जेवून येतात. एका गृहस्थांनी वडिलांच्या दशक्रियेच्या पत्रासाठी तोच मागितला. "अहो, वडील गेलेत की सहलीला गेलेत?" मी विचारलं. ते पुन्हा आले नाहीत.

माणसाच्या हातून दोन 'र' कधी सारखे उतरत नाहीत. या फॉन्टचे सगळे 'र' एका साच्यातले. म्हणून मी एखादा किंचित वर सरकवते, एखादा लहान करते. मग लोक विचारतात, "कुणी लिहिलंय हो?" मला बरं वाटतं. कित्येक दिवस माझ्याशी कुणी बोललं तर तेवढंच बोललेलं असतं.

गेल्या थंडीत माझ्या भावाच्या मुलाचं लग्न ठरलं. आमच्याकडे आत्याचा मान मोठा. भाऊ-वहिनीनं घरी यायचं, कुंकू लावायचं, अक्षता हातात द्यायच्या, मग पत्रिका. त्यांचं कर्वेनगर काही लांब नाही. मी पडदे धुतले, वहिनीसाठी साडी आणली आणि दर रविवारी घरातच थांबले. माझा सगळा जीव त्या एका फेरीत अडकला होता.

पत्रिका मीच केली. पाकिटांवरची नावंही भाच्यानं त्याच फॉन्टमध्ये टाकायला सांगितली. "पर्सनल टच येतो, आत्या." हिंजवडीहून ऑफिस सुटल्यावर तो गठ्ठा न्यायला आला.

"एक राहिलं बघ," तो म्हणाला. "तुझं पाकीट."

"तुझे आई-बाबा येणार आहेत ना?"

"अगं, या ट्रॅफिकमध्ये कुठे त्यांना आणू? मी आलोच आहे, आत्ताच देऊन टाकतो."

त्याच्या बोलण्यात खोट नव्हती, म्हणून रागावताही येईना. मला रडू येत होतं. मी कॉम्प्युटरकडे तोंड करून बसले, माझं नाव टाइप केलं, पाकीट छापलं. त्यानं आत पत्रिका घातली, दोन्ही हातांनी मला दिली आणि वाकून नमस्कार केला.

"नक्की यायचं हं, आत्या."

"येते," मी म्हणाले. भावाचं घर सोडलं, तर मला जाण्यासारखं दुसरं घर नाही.